सोजर बाई यांची जागा

आमच्या मंडळीत नावाला शोभेल असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. पाद्रीसाहेबांचं नाव लॅम्ब. बऱ्हाणपुरात त्यांना सगळे लांबसाहेब म्हणत, आणि ते इतके बुटके की उपदेशाला उभे राहिले की मेजामागून कपाळ आणि चष्मा एवढंच दिसायचं. रेल्वेच्या बार्कर साहेबाचा लोकांनी बारकेसाहेब करून टाकला होता, आणि तो टांग्यात चढला की घोडा मान वळवून मागं बघायचा. मी कोकिळा. दुष्काळानंतर मिशनच्या अनाथाश्रमात वाढले. तिथं गीत सुरू झालं की मिससाहेब मला प्रेमानं सांगायच्या, "कोकिळा, तू नुसते ओठ हलव हं." नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी आमची सगळ्यांची गत.

पण आम्हा सगळ्यांवर ताण होती सोजरबाई.

आमच्याकडे गोऱ्या शिपायाला सोजर म्हणतात. पलटणीची गाडी स्टेशनात थांबली की पोरं "सोजर आले, सोजर आले" करत धावत सुटतात, आणि बोलता बोलता कुठलाही गोरा माणूस सोजरच होऊन जातो. सोजरबाईच्या आईला गोरं लेकरू हवं होतं. तिनं नाव आधीच ठरवून ठेवलं. मग मूल झालं ते तव्याच्या बुडासारखं काळंभोर, पण आईनं काही नाव बदललं नाही. पुढं जन्मभर त्याचा त्रास लेकीला. सासरी, विहिरीवर, तापीकाठच्या केळीच्या बागेत ती कामाला जायची तिथं, जिकडंतिकडं एकच थट्टा: "सोजर, सावलीत बस वं, उन्हानं काळी पडशीन!" नवरा वारला त्या दिवशीसुद्धा कोणीतरी तेच बोललं म्हणे.

ती हसायची. एकदा मला म्हणाली, "कोणी माहं नाव घेतलं का मी आधीच हसून घेते पोरी. मंग त्याले हसाची मजा येत नही." मला मात्र हसू आलं नाही. मला राग आला. मला राग पटकन येतो. माझे यजमान चुडामण, ते मिशनचे उपदेशक, म्हणतात की माझ्या नाकावर राग नाही, नाकाच्या जागी रागच आहे.

दुपारी आमच्या ओसरीवर मी बायकांना अक्षरं शिकवायची. सगळ्या 'क, ख' गिरवायच्या. सोजरबाई म्हणाली, "मले ते सारं नको. माहं नाव तेवढं शिकव." मी पाटीवर लिहून दिलं. पावसाळाभर ती तेवढंच गिरवत बसली, आणि दिवाळीपर्यंत तिला ते कुठंही लिहिलं तरी वाचता यायला लागलं. दुसरं काही म्हणजे काही येत नव्हतं. ईस्टरला तिचा बाप्तिस्मा झालेलाच होता. ती दर रविवारी यायची आणि सतरंजीच्या अगदी मागच्या टोकाला, चपला काढतो त्याच्या शेजारी बसायची.

आता बाकाचं सांगते.

त्या साली दिल्लीला राजाचा दरबार भरायचा होता, आणि सगळ्या गोऱ्या लोकांच्या कॉलरला जरा जास्तच खळ लागली होती. बार्कर साहेब आणि मडम आधी उपासनेला खंडव्याला जायचे, गोऱ्यांच्या देवळात. ते लांब पडायला लागलं म्हणून लालबागेतल्या आमच्या कौलारू देवळात यायला लागले. आम्ही सगळे सतरंजीवर, ते दोघं खुर्च्यांवर. खुर्च्या डुगडुगायच्या. तेव्हा साहेबानं सागवानाचा लांबलचक बाक करवून आणला. बाक मोठा सुरेख होता, खोटं कशाला बोलू? पण आणल्याच्या पहिल्याच रविवारी सरुबाई आपलं रडकं नातवंड घेऊन त्याच्या टोकाला टेकली. मडम उठून उभी राहिली ती उपासना संपेपर्यंत बसली नाही. दुसऱ्या दिवशी ती पाद्रीसाहेबांच्या ओसरीवर हजर. म्हणाली, दर वेळी कोणाला उठवणं बरं दिसत नाही, त्यापेक्षा बाकाला पाटी लावा.

लांबसाहेब देवमाणूस. दुष्काळात आम्हा पोरांच्या उवा त्यांनी स्वतःच्या हातानं काढल्या आहेत. पण भिडस्त! भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. मडमेनं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, यांनी मान हलवली, आणि चुडामणांना बोलावून म्हणाले, "एक पाटी लिहायचा आहे. मराठी भाषेत. ही बाक युरोपियन स्त्रीपुरुषांसाठी आहे असा." तीस वर्षं या देशात राहूनही त्यांच्या तोंडी बाक बाई व्हायची आणि पाटी बाप्या.

मला विचाराल तर मी तो बाक त्याच दिवशी तापीत सोडला असता. पण मला कोणी विचारलं नाही. मी चहा देत होते.

आता घोडं अडलं ते शब्दापाशी. 'युरोपियन' लिहिलं तर कोणाला कळणार? चुडामण म्हणाले, "'साहेब लोक' लिहू?" त्यावर मडमच म्हणाली की मग तहसीलदार येऊन बसेल, पोस्टमास्तर बसेल, हल्ली सगळेच साहेब झालेत. 'गोरे' लिहावं तर पाद्रीसाहेबांचं मन घेईना. देवाच्या घरात कातडीचा रंग लिहायचा म्हणजे फारच झालं, असं ते म्हणाले. म्हणजे करायचं तेच, फक्त लिहायचं नाही! शिवाय शाळेत गोरे मास्तर होते, त्यांनी तर आडनाव दाखवून हक्कच सांगितला असता. 'विलायती' म्हटलं तर चिंच आठवते. 'टोपीवाले' म्हटलं तर बाजारातले निम्मे बोहरी आत. 'फिरंगी' ही शिवी. शेवटी चुडामणांना सुचलं, "सोजर! हे सगळ्यांना कळतं." सोजर पास झाला. मडमेसाठी 'मडम' लिहायचं होतं, पण लांबसाहेबांनी शब्दकोश काढला, बोट ठेवलं आणि घाबरून विचारलं, "मडं म्हणजे प्रेत ना?" तेव्हा 'मडम' खोडलं आणि 'बाई' घातलं. असं करून कागदावर ठरलं: सोजर, बाई यांची जागा.

कागद गेला गोटू रंगाऱ्याकडे. गोटूला लिहायला वाचायला येत नव्हतं. तो अक्षरं चित्रासारखी बघून काढायचा, आणि काढायचा इतकी देखणी की वाचणाऱ्यानं लाजावं. त्यानं शनिवारी पाटी रंगवली आणि बाकाच्या कडेला ठोकली. फक्त 'सोजर'च्या पायाशी एक काळा ठिपका शेपूट काढून लोंबत होता. त्याला वाटलं रंगाचा ओघळ आला. त्यानं फडकं ओलं करून तो चांगला घासून पुसला. स्वल्पविराम मिशनवाल्यांनी आणलेला, गोटूनं तो कधी पाहिला असणार?

रविवारी प्रभुभोजनाचा दिवस होता, सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षारसाचा घोट घ्यायचा. मी सतरंज्या टाकत होते. सोजरबाई नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली, कडेवर केळ्यांची फणी. मागच्या टोकाला जाता जाता तिची नजर पाटीवर गेली आणि ती थांबली. फणी खाली ठेवली. बोट पदराला पुसलं, आणि एकेक अक्षरावर ठेवत गेली.

"सो... ज... र... बा... ई."

मग माझ्याकडे वळली. आवाज एवढासा. "कोकिळा, मी बरोबर वाचलं का वं?"

मी जवळ गेले. पाहिलं. पोटातून हसण्याची अशी उकळी आली की मी सतरंजीचं टोक दातात धरलं. काय लिहायचं ठरलं होतं ते मला माहीत होतं. पण तिनं विचारलं होतं ते वाचलेल्याबद्दल.

"बरोबर वाचलंस, मावशी," मी म्हटलं.

"पुढं काय लिहिलंय?"

"'यांची जागा.'"

"यांची?" ती म्हणाली. "हिची नही? नीट पाय वं."

"यांची."

तिनं पदर तोंडावर घेतला. जन्मात तिला कोणी 'यांची' म्हटलं नव्हतं. 'हिची' नाहीतर 'तिची', नाहीतर 'त्या काळीची'. खांदे हलायला लागले. मला कळेना ती रडतेय की हसतेय. मग तिनं तोंड पुसलं, फणी उचलली आणि बाकाच्या अगदी मधोमध जाऊन बसली. पाय जमिनीला टेकत नव्हते. ते तिनं पोरीसारखे हलवून पाहिले.

माणसं यायला लागली. सरुबाईनं तिला पाहिलं आणि सवयीनं तोंड उघडलं, "सोजर, बाकावर बसली व्हय? उन्ह लागन हं..." सोजरबाई हसली नाही. तिनं नुसतं बोट पाटीकडे केलं. "वाच." सरुबाईला वाचता येत नव्हतं. ती गप खाली बसली.

माझं हसू तिथंच थांबलं. मडम आता येईल आणि कोणीतरी हिला त्या शब्दांचा खरा अर्थ सांगेल, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आज हिला या बाकावरून उठवलं तर ही पुन्हा या दारात येणार नाही. लोकांच्या थट्टेला ती हसून पुरून उरली होती. देवाच्या घरी झालेली थट्टा तिला पचली नसती. मी ठरवून टाकलं, ती गेली तर मीही जाणार. मग चुडामणांची भाकरी कोण भाजतं ते बघू.

टांगा आला. घोड्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. मडम आत आली, मागून बारकेसाहेब. मडमेनं बाकाकडे पाहिलं आणि तिचं पाऊल तिथंच थबकलं.

सोजरबाईला वाटलं, बिचारी लाजतेय. ती एका टोकाला सरकली, शेजारची जागा पदरानं झटकली आणि थोपटली. "ये वं बाई, ये. उभी काहून राह्यली? जागा माहीच हाय मगर लई मोठी हाय. तुहा माणूस बी मावन."

बारकेसाहेबाचे गुडघे दुखायचे. त्याला शब्द कळले की नाही देव जाणे, पण थोपटणं कळलं. तो सरळ जाऊन तिच्याशेजारी बसला. बाक कण्हला. सोजरबाईनं फणीतलं एक केळं मोडून त्याच्या हातात दिलं. आता देवळात केळं सोलावं की काय करावं, ते त्या गड्याला सुचेना. तो ते केळं मेणबत्तीसारखं उभं धरून समोर बघत राहिला. मागं पोरं खिदळायला लागली. मीही लागले असते, पण मडमेचा चेहरा दिसत होता.

मडम तरातरा मागच्या खोलीत गेली आणि लांबसाहेबांना घेऊन आली. चुडामण धावले. पाटी पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "स्वल्पविराम!" ते म्हणाले. "माझा स्वल्पविराम कुठं गेला?"

"तो ओघळ व्हता," दारातून गोटू म्हणाला. "मी पुसला. डाग पण नही राह्यला, पाहा."

लांबसाहेब माझ्याकडे वळले. "कोकिळा, तुझी ऐकते ती. तू तिला समजावून सांग."

"सांगते की साहेब," मी म्हटलं. "काय सांगू? तुम्ही शब्द द्या, मी जशाच्या तसे पोचवते."

त्यांच्या मराठीत पापाला शब्द होता, पश्चात्तापाला होता, तारणाला होता. याला नव्हता. शेवटी त्यांनी चुडामणांना पुढं ढकललं.

चुडामण बाकापाशी गेले, खाकरले. "मावशी, तिकडं मागं... वारा चांगला येतो."

"इथं बी येते," सोजरबाई म्हणाली.

"तिकडं तुमच्या ओळखीच्या बायका आहेत."

"त्या तं इथूनच दिसतात."

चुडामण परत आले. मग लांबसाहेब स्वतः गेले. कपाळाला घाम, चष्मा नाकाच्या टोकाला. "सोजरबाई, तू मागे बसला तर फार बरा होईल."

सोजरबाईनं हात जोडले. "पाद्रीबाबा, तुमीच तं सांगतलं व्हतं ना. येसूबाप म्हणे, जेवणावळीले गेलं तं आपल्या मनानं वर बसू नका. मागं बसा. ज्याच्या घरचं जेवण हाय तोच म्हणन, अरे तू वर ये. मी मागंच बसत व्हती ना बाबा? चपलांपाशी. कधी म्हटलं का मले वर घ्या? आता घरधन्यानं माहं नाव लिहून बोलावलं, तं नही कसं म्हणू?"

लांबसाहेबांनी तो उपदेश केला होता, आणि घसा बसेपर्यंत केला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. तो कोणाच्या इतका उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं नसावं. त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल.

मडमेचा धीर सुटला. तिचं हिंदुस्तानी नोकरांवर ओरडण्यापुरतं होतं, आणि ते सगळ्यांना समजायचं. "यह गोरा लोग का जगह है," ती म्हणाली. "सोजर मतलब गोरा लोग. तुम नहीं. काला लोग नीचे बैठेगा."

पोरांचं हसणंसुद्धा थांबलं.

सोजरबाईनं मडमेकडे पाहिलं, मग पाटीकडे, मग चुडामणांकडे. "खरं का रे भाऊ? तू लिहिलं ना हे?"

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कोणाला तोंडावर वाईट सांगितलं नाही. त्या दिवशी सांगितलं. "खरं आहे मावशी," ते म्हणाले. "मी तसंच मनात धरून लिहिलं होतं. तुमचं नाव नव्हतं ते." आणि भर देवळात त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"असं व्हय," सोजरबाई म्हणाली.

तिनं उरलेली फणी कडेवर घेतली आणि बाकावरून उतरली. मागं पाहिलं नाही. दोन पावलं टाकली. मी सतरंजीवरून उठले, पदर खोचला. जायचं तर जायचं. चुडामणांना, साहेबाला, मडमेला, सगळ्या दिल्लीदरबाराला एकदाच काय ते सुनवावं असं वाटत होतं.

पण सोजरबाई बाकाच्या कडेला पोचली आणि पाटीसमोर थांबली. पुन्हा बोट ठेवलं. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. सगळं अक्षर न् अक्षर चाचपून झालं. मग ती सरळ उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "नही वं. माहंच नाव हाय."

"मावशी..." चुडामण म्हणाले.

"तुह्या मनात काय व्हतं ते तुहं तुले ठाऊक, भाऊ. ह्या बाईच्या मनात काय व्हतं ते तिले ठाऊक. मले मनातलं वाचता येत नही. मले हे एवढंच वाचता येते." तिनं पाटीवर टकटक केलं. "अन हे तं मी पावसाळाभर शिकली. माह्या मायनं ठेवलं तवापासून लोकं म्हणतात का हे नाव तुहं नही, तुले शोभत नही. आज देवाच्या घरात लिहिलेलं बी माहं नही म्हणता? मी नही आयकत."

आणि ती परत गेली, बसली, फणी मांडीवर घेतली, पाय लोंबते सोडले.

लांबसाहेबांनी चष्मा काढला. पुसून पुन्हा घातला. मग पाटीजवळ गेले आणि शाळकरी पोरासारखं मोठ्यानं वाचलं, "सोजर बाई यांची जागा." आमच्याकडे वळून म्हणाले, "चूक गोटूचा नाही. चूक चुडामणचा नाही. पाटी लावायला मी होय म्हटलो. मला मडमेची भीती वाटली, देवाची नाही वाटली. देवाने तिकडे एक छोटी ठिपका पुसून टाकला आणि माझा पाप वाचता आला." मग सोजरबाईकडे पाहून, तीस वर्षांत पहिल्यांदा बिनचूक मराठीत म्हणाले, "तुम्ही बसा, सोजरबाई."

मी मोठ्यानं "आमेन" म्हणून टाकलं. माझा आवाज कसा आहे ते मी सांगितलंच. कौलावरची पारवी उडाली.

मडमेला लांबसाहेब इंग्रजीत काय म्हणाले ते मला सगळं कळलं नाही. टांगा दारात आहे आणि जागाही आहे, दोन्ही तुझीच, असं काहीसं होतं. मडम उभीच राहिली. आम्ही गीत सुरू केलं. लांबसाहेबांनी मुद्दाम सगळ्यांत लांब गीत काढलं असा माझा आजही संशय आहे. कडवी संपेनात. मडम या पायावरून त्या पायावर होत होती. तिची ती उंच टाचांची पायताणं! सोजरबाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या टाचांकडे. आता तिला सगळं माहीत होतं. तरी ती आपल्या जागेवरून उठली, साहेबाला कोपरानं ढोसून टोकाकडे रेटलं आणि मधे जागा केली.

"बस वं माय," ती म्हणाली. "पायाचे तुकडे पडतीन तुह्या. मग मले बोल लागन."

साहेबानं केळं खाली ठेवलं, बायकोकडे पाहिलं आणि तिचं नाव घेतलं. एवढंच. मडम बसली. बसली म्हणजे काय, टेकली. निम्मी बाकावर, निम्मी हवेत. पण दोघांच्या मधे.

मग पेला आला. आमच्याकडे पेला आधी त्या दोघांना, मग पुसून आम्हाला, अशी रीत पडून गेली होती. तसं कुठं शास्त्रात नाही, पण पडली होती. त्या दिवशी लांबसाहेब मेजावरून पेला घेऊन निघाले ते सरळ सोजरबाईसमोर थांबले.

ती मागं सरली. "नही बाबा. आधी त्यायले द्या. मी तोंड लावलं तं माहं उष्टं व्हईन. ते कसं पितीन?"

"इथे उष्टं नाही," लांबसाहेब म्हणाले.

सोजरबाईनं डोळे मिटले आणि घोट घेतला. मोठा, आवाज करून, ताक प्यायल्यासारखा. मग आई लेकरासाठी पुसते तशी पेल्याची कड पदरानं पुसली आणि पेला शेजारी दिला.

शेजारी मडम होती.

मी मान उंचावली. सगळ्या सतरंजीनं माना उंचावल्या. आमच्यातले कोष्टी, बलाही, कुणबी, सगळे उष्ट्यावरूनच तर गावातून उठून आलेले. कोणाचं उष्टं कोण पितं यावर आमच्याकडे पंचायती बसतात, सोयरिकी मोडतात, माणसं विहिरीवरून हाकलली जातात. मडमेनं पेला हातात धरला. आत पाहिलं. बाहेर टांग्याचा घोडा फुरफुरला, तिनं दाराकडे पाहिलं. परत पेल्यात पाहिलं.

"पी वं," सोजरबाई कुजबुजली, ती आख्ख्या देवळाला ऐकू गेली. "आंबट हाय मगर काही व्हत नही. मले पाय, झालं का काही?"

मडमेच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. हुंदका होता की हसू, तिला तरी ठाऊक असेल की नाही कोण जाणे. तिनं डोळे मिटून क्विनाइन घेतल्यासारखा तो घोट घेतला. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. गेला. खाली गेला. मग पेला साहेबाकडे गेला आणि त्यानं तो एका दमात निम्मा केला.

सोजरबाई मडमेकडे आ वासून बघत होती. ती गर्रकन मागं वळली, तिचा काळा चेहरा नुसता लखलखत होता, आणि भर प्रभुभोजनात तिनं हाक मारली, "कोकिळा! कोकिळा वं! पाह्यलं का? तिनं माहं उष्टं पेलं! जन्मात कोणी पेलं नव्हतं!"

त्यावर जे हसू फुटलं ते मी कधी विसरणार नाही. सरुबाई हसली, गोटू हसला, चुडामण रडत रडत हसले, बारकेसाहेबाबरोबर अख्खा बाक हलायला लागला. मडमेनं हातरुमाल तोंडावर धरला, पण टोपीवरची पिसं थरथरत होती ती काय वाऱ्यानं? लांबसाहेबांना शेवटचा आशीर्वाद म्हणायचा होता. हात वर करायचे, एक शब्द काढायचे, आणि फुसकन हसायचे. पुन्हा हात वर, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी नाद सोडला, हातानंच जा जा म्हणून खूण केली, आणि आम्ही सगळे तसेच, आशीर्वादाशिवाय, हसत हसत उन्हात बाहेर पडलो.